एकच ठिपका

हिंगणा एमआयडीसी, रात्रीचे साडेअकरा.
डांबर अजून दुपारच ओकतंय.
दिवसा बोर्ड तापतो, आकडे भरकटतात,
म्हणून मे महिन्यात आम्ही निशाचर.

बंद शेडमागचं पटांगण,
तिपाईवर साबणाच्या वडीएवढा रडार,
जमिनीवर चुन्याच्या रेघा: पाच मीटर, दहा, पंधरा.

चालायला दोघं पहारेकरी, निनावे आणि धकाते.
सख्खे साडू.
कळमेश्वरच्या एका प्लॉटवरून
नऊ वर्षं बोललेले नाहीत.
गेटवरच्या वहीत सही करताना
एकाचं पेन दुसरा उचलत नाही.

मला हे कुठे माहीत.
मी म्हटलं, मधे दोन मीटर सोडा,
आणि माझ्याकडे बरोबरीनं चालत या.
कोणी मागेपुढे झालं तर तो अंतरावरून ओळखेल,
कोणी घाई केली तर वेगावरून.
मला फक्त कोन तपासायचाय.

आले. डावं पाऊल, उजवं पाऊल,
माना दोन दिशांना.

पडद्यावर एकच ठिपका,
दोघांच्या बरोबर मधे,
जिथं कोणीच नव्हतं.

‘कितीक दिसून राह्यले, म्याडम?’
‘एक.’
‘एक कसा? दोघं आहो न जी आम्ही,’ निनावे म्हणाले.
‘येगयेगळे,’ धकाते म्हणाले.
नऊ वर्षांतलं
त्यांचं पहिलं एकमत.

‘पावर वाढवा नं थोडा.’
वाढवली.
ठिपका उजळला. फुटला नाही.

मग मी त्यांना अमरावती रोडवरचा ट्रक सांगितला,
रात्री बाजारगावकडून येणारा.
लांबून एकच दिवा,
आपण म्हणतो मोटरसायकल असेल,
जवळ आला की दोन होतात.
एक तो कधीच नव्हता.
आपल्या बुबुळाचं दार तेवढं अरुंद.

या बोर्डावर चार कान,
एकापासून दुसरा मोहरीच्या दाण्याएवढा लांब,
अर्ध्या तरंगाचं माप, ते ताणता येत नाही,
ताणलं तर भलत्याच दिशेला भुतं दिसतात.
चार कानांना अठ्ठावीस अंशांच्या आतलं
सगळं एकच.
दहा मीटरवर म्हणजे
पाच मीटरचा आंधळेपणा.

‘मंग पन्हाच वाढवा लागते,’ धकाते म्हणाले,
ज्यांचं बालपण गोळीबार चौकात
बापाच्या हातमागाखाली गेलं.
‘धागे तेवढेच जवळ. पण जास्त.’

मी पाच वर्षं पोरांना शिकवते.
इतकं नीट मला कधी सांगता आलं नाही.

एक वाजता बोर्ड बदलला.
तीन तोंडं, चार कान.
तोंडं आळीपाळीनं बोलतात,
कान सगळ्यांचं ऐकतात,
आणि हिशेबात बारा कान उगवतात,
त्यातले आठ तांब्यावर कुठेच नाहीत.

पंधराच्या रेघेवर अजून एकच.
बारावर थरथर, शेंगेसारखा लांबट.
दहावर
दोन.

‘झाले का दोन?’
‘झाले.’
निनावेंनी असा श्वास सोडला
की जणू कोर्टाचा निकाल लागला.

मग कितीदा तरी चाललो. म्हणजे ते चालले.
समोर बरं, कडेला गेले की पुन्हा चिकटायचे,
तिरप्या नजरेला पन्हा आखूडच पडतो.
मी आकडे लिहीत होते. पाणी संपलं होतं.

अडीचला, दहाच्या रेघेवर, अगदी समोर,
ठिपके एक झाले.

केबल हलवली. फेज पुन्हा जुळवला.
बारापैकी एखादा कान मेला का पाहिलं.
सगळे जिवंत.
पडद्यावर एकच.

मान वर केली तेव्हा
खर्र्याची पन्नी निनावेंच्या तळहातावर उघडी होती
आणि धकाते वाकून
चिमूट घेत होते.

वहीत लिहिलं:
रीडिंग एकेचाळीस रद्द.
चालणाऱ्यांनी रेघ सोडली.