उणे अकरा, फार तर बारा

जाहिरातीत मी लिहिलं होतं:
सेसना, चार आसनी, कायम हँगरमध्ये ठेवलेलं,
मालकीण पहिल्यापासून एकच,
बाहेरच्या हवेचा तापमान-प्रोब, नवा.
नवा खराच होता.
सहा वर्षं ड्रॉवरात, पाकीटसुद्धा फोडलेलं नाही.

घेणारा फोनवर म्हणाला, बाकी सगळं पटलं,
पण प्रोब पाकिटात नको, विमानात हवा.
बरोबर आहे त्याचं.
ड्रॉवरात बसून त्याला ड्रॉवरातलीच हवा कळणार.

म्हणून आज मी आणि क्लिफर्ड,
यॉर्कटनच्या पलीकडे, कापून झालेल्या गव्हाच्या कडेला,
पत्र्याच्या हँगरात, हीटर लावून.
परवाना त्याचा, सही त्याची.
माझ्याकडे टॉर्च धरायचं काम.
स्टेफा, हात हलतोय तुझा.
थंडीनं, मी म्हणते.
(डोळ्याचं त्याला माहीत आहे. डॉक्टरनं सही नाकारली
हे इथे सगळ्यांनाच माहीत आहे.)

प्रोबला ऊन लागता कामा नये,
एक्झॉस्टची धग लागता कामा नये,
वारा मात्र लागलाच पाहिजे.
क्लिफर्डनं टेप चिकटवून फुली मारली:
उजव्या सीटची खिडकी, वरचा कोपरा.
तिथे नको, मी म्हटलं.
का?
कारण काही सुचेना. मग म्हटलं, पाड.

ड्रिल सावकाश. घाई केली की तडा,
तडा गेला की सौदा गेला.
भुगा माझ्या बाहीवर उडाला,
झटकला तरी चिकटूनच.

त्या सीटवर तारास बसायचा.
गुरांचा डॉक्टर. चाळीस वर्षं
गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून
वासरू सरळ की आडवं, सांगत आलेला.
विमान चालवायची त्याला ना हौस ना धीर,
पण मी निघाले की हा आधीच पट्टा बांधून बसलेला,
मांडीवर सूर्यफुलाच्या बिया.
वर गेलो की खिडकी दोन बोटं उघडायचा,
हातमोजा काढून तळवा वाऱ्यात धरायचा.
"उणे अकरा. फार तर बारा."
मी म्हणायचे, वाऱ्यात सगळंच गार लागतं, तारास.
तो म्हणायचा, गाईत सगळंच गरम लागतं, तरी कळतं ना.

एकदा एप्रिलमध्ये, ढगाखाली,
हात आत घेऊन पँटला पुसला न् म्हणाला,
"अधिक तीन. आणि ओली आहे हवा."
एवढंच. मी कार्ब्युरेटरचा हीट खेचला.
इंजिन खोकलं, अडखळलं, पाणी गिळलं,
आणि पुन्हा गुरगुरायला लागलं.
त्याच आठवड्यात मी प्रोब मागवला.
पाकीट आलं. त्यानं उलटसुलट करून पाहिलं,
काही न बोलता ड्रॉवरात ठेवलं,
वर विजेची बिलं ठेवली.

बसवायच्या आधी चाचणी:
थर्मासच्या झाकणात बर्फ आणि पाणी, त्यात प्रोबचं टोक.
शून्य दाखवायला हवं.
दाखवला एक.
थांबलो, ढवळलं. एकच.
चालतं, क्लिफर्ड म्हणाला, एवढा फरक चालतो,
आणि लॉगबुकात लिहिलं, त्याच्या त्या तिरक्या अक्षरात.

घेणारा गिमलीहून आला, मित्राच्या पिकअपमधून.
ऐनार नाव. सव्वीस-सत्तावीसचा, कान लाल.
बँकेचा ड्राफ्ट त्यानं दोनदा वाचून दाखवला,
जसं काही माझाच विश्वास बसत नव्हता.
पंखांवरून हात फिरवला, टायर दाबले,
शेवटी प्रोबवर टिचकी मारली.
बरोबर दाखवतो?
मी म्हटलं, दाखवेल त्यातून एक वजा करायचा.
नेहमी?
नेहमी.

तो उडाला तेव्हा क्लिफर्ड भुगा झाडत होता.
विमान पूर्वेकडे वळलं, धान्याच्या कोठारांवरून,
आणि मग माझ्या लक्षात आलं, टो-बार इथेच राहिला,
माझ्याच हातात.
हाक मारली मी. वेड्यासारखी, दोनदा.

लोखंड गार आहे. हातमोज्यातून कळतंय.
किती, ते सांगता येत नाही.