दोनशे साठ सेकंद

चोपड्याच्या बायपासला केळी पिकवायच्या बारा खोल्या.
आत हिरवे घड, क्रेटवर क्रेट, सोळा अंशांवर,
प्रत्येक खोलीत एक कॅमेरा.
चित्र ऑफिसात हवं, वजनकाट्यावर हवं,
पलीकडच्या लोडिंग शेडमध्येही हवं.
प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवली की वायर तुंबते,
म्हणून मल्टिकास्ट :
बोलायचं एकदाच,
ज्यांनी नाव नोंदवलंय त्यांनी ऐकायचं.

रात्रीचे साडेअकरा. उपड्या क्रेटवर माझा लॅपटॉप.
या टोकाला आयपर्फ बोलतोय,
शेडमधल्या टोकाला आयपर्फ कान लावून बसलाय,
मध्ये दोनशे एकोणचाळीसने सुरू होणारा एक पत्ता,
जो कुणाच्याच घराचा नाही.

पहिल्यांदा काहीच पोचलं नाही.
पाकिटाच्या खिशात एकच पाऊल होतं,
ते राउटरच्या उंबऱ्यावरच संपलं.
मी आठ घातली.
मग धडाधड यायला लागली,
हरवलेली : शून्य.
वहीत ‘चालू’ लिहिलं, थर्मासमधला चहा ओतला,
आणि बंद.

पुन्हा लावलं. पुन्हा चालू. पुन्हा बंद.
तिसऱ्यांदा मोबाइलवर घड्याळ लावून बसले :
चार मिनिटं, वीस सेकंद.
दोनशे साठ. नेमके.

टीसीपीडम्प लावला आणि
जे येत नव्हतं ते बघत राहिले.
बोलणारा बोलतच होता.
ऐकणाऱ्याचे कान उघडेच होते.
मधल्या स्विचनं तेवढी त्याची वाट बंद केली होती,
कारण ‘अजून आहात का?’ असं
या अख्ख्या नेटवर्कमध्ये
कुणीच कुणाला विचारत नव्हतं.
आणि विचारल्याशिवाय तो बिचारा सांगणार कसा?

तेवढ्यात उखा आप्पा फेरीला निघाले,
हातात बॅटरी, काखेत काठी.
गॅस सोडायच्या आधी प्रत्येक दारावर थाप :
“कोनी शे का रे मझार?”
थांबतात. मग पुन्हा थाप. पुन्हा थांबतात.
मग कडी.

मी म्हटलं, आप्पा, दोनदा कशाला?
“झोपेल ऱ्हास एखादा हमाल.
म्हनीसन दुसरी डाव इचारस.
मंग जराखा थांबस. मंगच कडी.”

मी स्क्रीनकडे बघितलं.
दोनदा एकशे पंचवीस,
वर दहा सेकंद जराखा.
कुठल्या तरी दूरच्या टेबलावर
हा आकडा ठरवणाऱ्या माणसालाही
झोपलेला हमाल माहीत असणार.

स्विचमध्ये शिरले, एक ओळ टाकली :
यापुढे तू विचारायचं.
सगळं परत सुरू केलं, चहाला हात लावला नाही.

दोनशे अठ्ठावन्न.
दोनशे एकोणसाठ.
तिकडे नऊ नंबरच्या दारावर दुसरी थाप पडली.
दोनशे साठ.

दोनशे एकसष्ट.