खर्चाबाबत आदेश नाही

दीड इंच.
विमा कंपनीचा वकील म्हणाला,
दीड इंच म्हणजे काय हो, टाच उंच करून घ्या.
मला सांगायचं होतं, साहेब, मी शिलाई करतो,
दीड इंचावरून शेरवानी परत येते,
दीड इंचावरून नवरदेव मांडवात रडकुंडीला येतो.
पण विचारलं तेवढंच बोलायचं
असं पाटकर बाईंनी बजावलं होतं.

पाटकर बाई. पंधरा टक्के.
निकाल लागला तर. नाही लागला
तर कागद, झेरॉक्स, तिकिटं एवढंच.
"हे कुठं लिहून ठेवू नका," म्हणाल्या.
माझ्याकडे लिहिलेलं होतं काय?
एक मापांची वही.

छाती अडतीस, कंबर चौतीस, बाही साडेतेवीस.
मुजावर, दोन शर्ट.
रेगे मास्तर, एक सफारी, पोटात सैल.
काळाचौकीची सव्वीस वर्षांची अंगं
लाल पुठ्ठ्यात बांधलेली.
कमाईचा पुरावा म्हणून तीच दाव्याला लावली.
निशाणी सत्तावीस.

साहेबांनी पानं उलटली. नीट उलटली, खोटं का बोलू.
म्हणाले, मापं आहेत, दर कुठे आहेत?
खरंच की.
दर मी माणूस बघून तोंडी सांगत आलो.
मग महिना सहा हजार धरले.

अपंगत्वाचा दाखला देणारे डॉक्टर
परळहून फोर्टात तीनदा आले.
एकदा समोरचा वकील आजारी,
एकदा टायपिस्ट रजेवर,
तिसऱ्यांदा पिंजऱ्यात उभे राहून म्हणाले, बत्तीस टक्के.
फेरीचे सात हजार, हातात.
यमुनेने भाजीच्या पिशवीवर गणित मांडलं:
टक्क्याला साडेसहाशेच्या वर पडले.

नऊ वर्षांनी निकालपत्र.
वेदना आणि यातना, चाळीस हजार.
विशेष आहार, पाच हजार.
परिचर, दोन महिने.
"दोन महिने?" यमुना म्हणाली,
आणि पुढे काही न बोलता
बादली उचलून मोरीत गेली.
प्रवासखर्च, पावत्या असतील तेवढाच.
मला पाठुंगळी घेऊन तीन मजले उतरवायचा
बाळा घाटगे, दर सोमवारी, ड्रेसिंगच्या दिवशी.
खाली पोचलो की म्हणायचा, "शेठ, वजन वाढलं."
त्याची पावती मी कुठल्या खिशातून काढू?

खाली, सहीच्या जरा वर:
खर्चाबाबत आदेश नाही.
म्हणजे काय, मी विचारलं.
बाई पदराने चष्मा पुसत म्हणाल्या,
म्हणजे ज्याचा त्याने.

वही सोडवायला अर्ज करावा लागला.
अर्जाला तिकीट, वहीच्या जागी नक्कल,
नकलेचे पानागणिक पैसे.
दोन हेलपाटे, तिसऱ्याला कारकून जेवायला गेलेला.
हा खर्च कुठल्या सदरात बसत नाही.
मी विचारलंही नाही.

वही आली. रेगे मास्तरांच्या सफारीवर
कोर्टाचा जांभळा शिक्का.
मास्तर निकालाआधीच गेले.
मुजावरांची कंबर आता चाळीस.
शेवटच्या पानावर मी स्वतः, लग्नाच्या सालचा,
लांबी चाळीस, एकच आकडा.
दोन पायांना दोन रकाने कोण आखतं?
आखले. पेन्सिलीने.
उजवा चाळीस. डावा साडेअडतीस.

हल्ली प्रत्येक मापापुढे दर लिहितो.
गिऱ्हाईक वाकून बघतं,
"हे कशाला आता, मास्तर?"
मी पट्टी त्याच्या खांद्यावर ठेवतो.
सरळ उभे राहा, म्हणतो.
पोट आत ओढू नका.
आहे तेवढंच माप द्या.