पाचशे नव्वद मिळवा

आठवी ‘ब’. चिठ्ठ्या टाकून मी पाच गट पाडले.
रेल्वे, कापड, शेतसारा, शाळा,
आणि उरलेल्या सात जणांना ‘आपलं गाव’.
सातही रुसले.
“आमालाच कामून, मॅडम? गावात काय हाय?”

रेल्वेवाल्यांचं बरं होतं,
पूर्णा जंक्शन वर्गाच्या खिडकीतून दिसतं.
खोक्याचं इंजिन केलं, काळा रंग दिला,
वर लिहिलं, ‘इंग्रजांची देणगी’.
मुंजाजीचे आजोबा डबा द्यायला आले होते.
गँगमन होते ते. अक्षर लावून लावून वाचलं.
“ह्या लायनीवर इंग्रज कुठला, बाप्पा?
ही तर निजामाची.”
पोरांनी व्हाइटनर शोधला.

मग राज्य नेमकं कुणाचं होतं?
मी म्हटलं, आपल्यावर निजामाचं,
निजामावर इंग्रजांचं.
“म्हणजे दुमजली,” सुमेध म्हणाला.
त्याचा बाप सेंट्रिंगच्या कामावर जातो.
“खालच्या माणसाच्या डोक्यावर दोन स्लॅब.”
पुस्तकात हे नाही.
मी ते फळ्यावर लिहिलं, पुसू नये म्हणून चौकट केली.

सोमवारी उत्रेश्वरनं कागद आणला,
दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, घडीवर घडी,
आणि आईचा निरोप: हात पुसून धरा.
उर्दू.
इतिहासात बी.ए., वर बी.एड., सोळा वर्षं नोकरी,
आणि माझ्याच जिल्ह्याचा कागद माझ्यापुढं मुका.

नाजमीन उठली,
हजेरीलासुद्धा पुटपुटणारी नाजमीन.
बोट उजवीकडून डावीकडं सरकत गेलं.
“रसीद... धोंडिबा वल्द... इथं फाटलंय, मॅडम.
सन तेराशे सत्तेचाळीस.”
वर्ग ओरडला, सातशे वर्षांचा कागद!
फसली सन आहे, मी म्हटलं, पाचशे नव्वद मिळवा.
बोटांवर, बाकावर, तळहातावर पेनानं
सगळ्यांनी मिळवले.
एकोणीसशे सदतीस.
कागद एकदम जवळ आला,
पुढच्या गल्लीत येऊन उभा राहिला.
उत्रेश्वर म्हणाला, “पुन्हा वाच. नाव तेवढं.”
तिनं वाचलं. पुन्हा. पुन्हा.
त्याच्या घरात हा कागद सगळ्यांनी जपला होता,
वाचला कुणीच नव्हता.

मग व्हरांड्यात सुतळी बांधली, इतिहास वाळत घालायला.
पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीसला एक गाठ मारली,
सतरा सप्टेंबर अठ्ठेचाळीसला दुसरी.
मधल्या तेरा महिन्यांत अकरा कार्डं लटकली,
म्हाताऱ्यांनी सांगितलेली:
पेवात लपलेला माणूस,
रझाकारांच्या भीतीनं न पेटवलेल्या चुली,
बैलांच्या गळ्यातून काढून ठेवलेली घुंगरं.
अक्षर किरटं, काना-वेलांटीचा गोंधळ,
मी काही दुरुस्त केलं नाही.

नाजमीनचं कार्ड दुसऱ्या गाठीच्या पुढं होतं.
कोरं.
“अब्बूंना विचारलं.
अब्बू म्हणले, तुझ्या पडदादांना माहीत होतं
सप्टेंबरनंतर आपल्या गल्लीत काय झालं ते.
त्यांनी कधी सांगितलं नाही.”
चिमटा तिच्या हातातून निसटत होता.
उत्रेश्वरनं लावून दिला.

बुधवारी केंद्रप्रमुख आले, हात मागं बांधून सुतळीभर फिरले.
“छान, छान. हे एक कोरं कसं राहिलं?
गट अपूर्ण?”
माझ्या आधी मुंजाजी बोलला,
“अपूर्ण न्हाई, सर. ते तसंच हाय.”

माझ्या तक्त्यात रकाने चार,
माहिती, मांडणी, सहकार्य, सुवाच्य अक्षर.
तिच्या नावापुढं, चौथ्या रकान्यात
पेन टेकवून मी बसून राहिले,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.

खिचडीची घंटा झाली.
बाहेर काचीगुड्याच्या गाडीनं शिट्टी दिली.
एरवी दारात ढकलाढकली करणारी चाळीस लेकरं
ताटं छातीशी धरून
सुतळीखालून वाकून गेली,
एकेक.