सहाव्या गाडीवरून

वावटळ्याचा नवा नट ठरला
तेव्हा आम्ही रावेरला केळीचे घड मोजत होतो.
(सिनेमात त्याचं नाव दुसरंच काही आहे,
जिभेला वळत नाही. आम्ही वावटळ्याच म्हणतो.)
दगानं चिकानं काळ्या झालेल्या बोटांत फोन धरला:
"हनुवटी पाह्य याची.
मुखवट्याखाली माणसाची इतलीच दिसते,
अन् तीच नाही याले."

झालं. ट्रक उभा, ड्रायव्हर उभा, घड उन्हात.
सुपडू म्हणाला, पहिलाच खरा.
तो काही करायचा नाही, नुसता उभा राहायचा,
पण पोतं आत्ताच उतरवून ठेवल्यासारखा.
दुसऱ्याला दंड होते. तिसऱ्याला भुवया.
एक वर गेली की राग, दोन्ही गेल्या की प्रेम,
आणि आई मेली तेव्हा
त्यानं दोन्ही खाली आणल्या, सावकाश,
दुकानाचं शटर ओढावं तशा.

"यानं आधी काय केलं?"
"नवऱ्याची कामं. विसरभोळा,
बायकोची साडी इस्त्रीनं जाळणारा."
"मग हा इमारत कसा उचलीन?"
मी म्हणालो, साडी जळाल्यावर
तो इस्त्रीकडे जसा बघत राहतो, ते बघा एकदा.
ज्याला ते जमलं, त्याला इमारत काय.
कुणी ऐकलं नाही. मी काट्यावरचा माणूस,
किलोशिवाय माझ्या शब्दाला भाव नाही.

लिंबाखाली हिलालआबा केळीची पानं रचत होते.
बारा वर्षं त्यांनी यात्रेत बारागाड्या ओढल्या,
कंबरेला दोर, अंगाला हळद,
मागं माणसांनी गच्च भरलेल्या गाड्या.
आता गुडघा गेला.
नातवानं भुसावळला नेऊन मागचा भाग दाखवला होता.
"पोरगं चांगलं आहे," ते म्हणाले, "पण मले पटलं नाही.
अख्खा पूल पाठीवर घेतला, अन् भ्यायलं नाही.
मी बाराही वर्षं भ्यालो.
ते दाखवता यायले पाहिजे. ताकद कोणी बी दाखवते."
"भ्यायला असंन आबा," दगा म्हणाला,
"पण मुखवट्याच्या आतून."

त्याच महिन्यात गावानं नवा भगत निवडला.
लोटन. पावशेर खांदे. सायकलींचं पंक्चर काढतो.
शाळेच्या गॅदरिंगला तीन वर्षं झाड होता.
पुन्हा तोच खटला, तेच साक्षीदार:
मागचा भगत नुसता बघायचा तर बैल खाली बसायचे,
आणि याले एकच भाव येतो,
पाण्यात बुडबुडा सापडल्याचा.

यात्रेला आम्ही सहाव्या गाडीवर चढलो,
मी, दगा, सुपडू, आणि आमची सगळी मतं.
लोटन गाड्यांभोवती धावला, पाच फेऱ्या.
दोर कंबरेला लागला, बाजूला बगले उभे राहिले.
मग काहीच झालं नाही.
बराच वेळ काहीच झालं नाही.
पुढच्या गाडीतलं पोर शेव चावायचं थांबलं.
मग चाकाखाली एक खडा कुरकुरला.

गाड्या चालल्या, इतकं मी सांगू शकतो.
चेहरा कसा होता विचारू नका.
आम्हाला पाठ दिसत होती, तीही पाच गाड्यांपलीकडे,
पिवळी, आणि मध्ये सगळी डोकी.
भ्याला का, कितीसा भ्याला, कुठल्या भुवईनं,
ते समोरच्यांना ठाऊक.

हिलालआबा समोर होते, पारावर, गुडघा लांब करून.
रात्री शेवभाजीवर बसलो तेव्हा विचारलं.
त्यांनी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला
आणि तसाच धरून ठेवला.
"हनुवटी थरथरत होती," म्हणाले.

दगा गप्प. ताटातला कांदा फोडला, अर्धा खाल्ला.
"म्हणजे," तो म्हणाला,
"आहे तर हनुवटी."