एकशे चार चेंडू

जुन्या शाळेतून कागद निघाले,
नव्या शाळेत पोचले नाहीत.
अथलोन ते किलीबेग्ज. एवढ्याशा आयर्लंडात
एक आख्खा मुलगा गहाळ होऊ शकतो
टपालात.

मुलगा तसा इथेच आहे. ओरन. वय आठ.
कानांवर पिवळे हेडफोन, गाण्याचे नव्हेत, आवाज अडवायचे.
खिशात बाटल्यांची झाकणं.
आणि तो वर्गातल्या टेबलाखाली,
कारण सव्वीस खुर्च्या एकदम मागे सरकल्या
की त्याच्यापुरतं आभाळ फाटतं.

आभाळ फाटतं, असं फॉर्मवर लिहिता येत नाही.
रकाना अकरा : अडचणीचे स्वरूप, थोडक्यात.
थोडक्यात लिहिलं.
पुरेसं स्पष्ट नाही म्हणून परत आलं.
सविस्तर लिहिलं.
चौकटीबाहेर गेलं म्हणून परत आलं.

मासळीच्या कारखान्यात माझी रात्रपाळी.
बांगडे पट्ट्यावरून येतात, मी खोकी भरते,
खोकं भरलं की शिक्का, शिक्का बसला की ट्रक.
कुठल्या गावी जायचं, कुणी उतरवून घ्यायचं,
सगळं वर छापलेलं.
मेलेल्या बांगड्याची एवढी सोय.

ऑफिसातल्या बाई फोनवर गोड बोलतात.
डेर्व्हला, आम्हाला कळतं हो.
पण मदतनीस त्या शाळेला दिली होती, मुलाला नव्हे.
म्हणजे मुलगा हलला, आणि नोरा गकियन तिथेच राहिली,
आणि तिचा तो हात,
जो चार वर्षं ओरनच्या खांद्यामागे होता
खांद्याला न लागता.
नोव्हेंबरात समिती बसेल म्हणे.
तोवर आमचं घोंगडं भिजत,
आणि या गावात तसंही
काही वाळत नाही.

पाळीला जाण्याआधी नोराला फोन लावला.
तू काय काय करायचीस ते सांग, लिहून घेते.
ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
मी कुठे काय करायचे गं.
मग म्हणाली,
तो ‘दार’ म्हणाला तर त्याला बाहेर जायचं नसतं,
कुणीतरी दार लावायला हवं असतं.
‘झालं’ म्हणाला तर अजून झालेलं नसतं.
फार हसायला लागला तर जवळ जा, तो घाबरलाय.
आणि हो, खुर्च्या.
टेनिसचे चेंडू चिरून पायांत घालायचे मी.

हे मी रकान्यात लिहिलं नाही.
शाळेच्या शिपायाला सांगितलं, पॅकी मीहनला,
कारण पाऊस होता आणि फाटकाशी तोच उभा होता.
तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.
ओरन जवळून गेला तेव्हा
कमरेचा किल्ल्यांचा जुडगा
तेवढा मुठीत घट्ट धरला त्यानं,
वाजू नये म्हणून.

सोमवारी सव्वीस खुर्च्या. एकशे चार चेंडू.
कुठून आणले?
बरेचसे क्लबातून, म्हणाला,
आणि काही एका कुत्र्याकडून, त्याला विचारून.
घंटा झाली. वर्ग उठला.
आणि काही झालं नाही.
दाराबाहेर उभी राहून, अंगाला मासळीचा वास,
काही न होणं मी पहिल्यांदा ऐकलं.

मुख्याध्यापक हात चोळत म्हणाले,
चला, सुटला की प्रश्न.

नाही, सर.
चेंडू बुटाची नाडी बांधत नाहीत.
जिन्यात एक पायरी खाली थांबत नाहीत.
‘झालं’ म्हणजे काय, चेंडूंना ठाऊक नाही.
द्या तो फॉर्म परत.

आता स्वयंपाकघरात बसलेय, रात्रीच्या पाळीला तासभर आहे.
पाठपोट लिहितेय, चौकटीबाहेर, समासात, आडवं.
आतल्या खोलीतून ओरन म्हणाला, दार.
उठले. लावलं.
परत येऊन बघते तर पेनाचं टोपण नाही.
कुणाच्या खिशात ते माहीत आहे.
राहू दे. एवीतेवी
पेन मिटायचं नाहीच आहे
नोव्हेंबरपर्यंत.