रात्रीचा रकाना

लोहगावात रात्री साडेबाराला
पुणं कसं दिसतं असं कुणी विचारलं
तर मला आधी आठवतो खांदवेकाकांचा टॉर्च.
जाळीचा एकेक पट्टा ते ओढून बघतात,
मग ओठांतून नुसतीच फुंकर,
विमानाजवळ विडी ओढता येत नाही म्हणून.
'ताई, आज चाकणचे गिअर. वजनाला इमानदार.'
फुलांवर त्यांचा विश्वास नाही.
तळेगावचे गुलाब कागदावर एक असतात,
खोक्यात भलतेच, पाणी पिऊन.

मी बेरीज पुन्हा करते, सही करते.
सात महिने, तीनशे दहा तास,
बहुतेक सगळे वहीतल्या रात्रीच्या रकान्यात.

बाबांनी खडकीच्या कारखान्यातला फंड
आणि धानोरीचा फ्लॅट
दोन्ही माझ्या लायसनला लावले.
समोरच्या कुंटेवहिनी विचारतात,
'मग घरच्यांना फुकट तिकीट मिळतं का गं?'
आई म्हणते, 'मिळतं ना,
खोक्यात बसायची तयारी हवी.'
हसतच म्हणते.
मग भांडी जरा जोरात घासते.

चाकं वर.
उजव्या खिडकीत खराडीच्या काचेच्या इमारती,
माझ्या वर्गातली अर्धी मुलं तिथे
अमेरिकेच्या दुपारसाठी जागी.
त्यापुढे जिथे दिवे नाहीत
तिथे नदी आहे असं समजायचं.
मग काहीच नाही.
कॅप्टन मस्करेन्हास डबा उघडतात,
कोरडी पोळी, लसणाची चटणी,
आणि नगर मागे पडेपर्यंत
एक शब्द नाही.

फेब्रुवारीतली एक रात्र.
खांदवेकाका कागद नाकाशी धरून म्हणाले,
'ताई, आज जिवंत माल.'
एक दिवसाची कोंबडीची पिल्लं,
नऊ हजार सहाशे, कोलकात्याला.
भोकं पाडलेली खोकी,
आणि आज टॉर्च त्यांनी जमिनीकडे धरलेला.

वर गेल्यावर आवाज आला.
मला वाटलं रेडिओत खरखर.
फ्रिक्वेन्सी बदलली, तरी तेच.
कॅप्टननी हेडसेट एका कानावरून सरकवला.
'भरलेलं विमान असंच वाजतं,' म्हणाले.
'विसरलो होतो.'
त्यांची प्रवासी कंपनी बुडाली
त्याला बारा वर्षं झाली.
मग समोरच बघत,
'येतं का तुला बोलायला?'

येतं म्हणजे काय.
आरशासमोर, बसमध्ये, आंघोळीत
शंभरदा बोललेय.
माईक उचलला.
मागे स्पीकर नाहीत, दोघांनाही ठाऊक.
'नमस्कार. मी तुमची सहवैमानिक हेमांगी कोंढरे.
आपण तेहतीस हजार फुटांवर आहोत,
डावीकडे नागपूरचे दिवे,
हवा शांत आहे.
परतीच्या प्रवासातही आपण...'
इथे अडकले.
त्यांना परतीचं कुणी
काय सांगायचं?

कॅप्टननी हात लांब करून
मागचं तापमान एक अंश वाढवलं.

कोलकात्याला एकतीस मेली.
'हे कमीच,' म्हणाला तिथला माणूस
आणि सहीला कागद पुढे केला.
येताना चपला, मोबाईलचे सुटे भाग.
मागे अगदी शांत.

सकाळी विश्रांतवाडीच्या चौकात
सगळं गाव अंघोळ केलेलं,
मी एकटी कालची.
बाबा पेपर बाजूला ठेवून बसलेले.
आयुष्यभर स्टोअरमध्ये काढली त्यांनी,
रोज एवढंच विचारतात:
'आज काय होतं?'
'पिल्लं.'
'नग किती?'
'नऊ हजार पाचशे एकोणसत्तर.'
'पोचलेली?'
'पोचलेली.'

ते उठले.
माझ्या खिडकीच्या काळ्या कागदाचा
जो कोपरा रोज सुटतो
तिथे अंगठ्याने चिकटपट्टी दाबत राहिले,
पट्टा ओढून बघावा तशी.
तरी एक फट राहिलीच.
मी तिच्याकडे पाठ करून झोपले.